जेनेट, आयव्हन, डेव्हिड, मारिया : वादळांच्या बेटांवर नऊ दिवस

पहिला दिवस : ब्रिजटाउन

बार्बाडोसच्या विमानतळावर खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट केला आणि विचारलं, "कशासाठी येणं केलंत?" मी खरं ते सांगितलं. "वादळांसाठी." त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "मग चुकलात. वादळं जूनला सुरू होतात आणि नोव्हेंबरला संपतात. आत्ता फेब्रुवारी आहे." शिक्का मात्र मारला. बाहेर आल्याबरोबर भाचीनं दम भरला, "मामा, पुढच्या बेटावर 'समुद्र बघायला आलोय' एवढंच सांगायचं."

भाची टोरोंटोला असते. तिकडच्या बर्फाला कंटाळून तिनं ही सहल काढली आणि मला बरोबर घेतलं. माझी अट एकच होती : वाळूत आडवं पडून राहणार नाही. श्रीवर्धनच्या माणसाला समुद्रकिनारा दाखवायला अर्धी पृथ्वी पालथी घालण्यात काही अर्थ नाही. मला बघायचं होतं ते निराळं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या वाडीवरून गेलं. वडिलांनी लावलेल्या पोफळी एकमेकींना घेऊन पडल्या, आणि त्यांच्या सावलीतली जायफळाची चौदा झाडं मुळासकट उपटून आली. आळीतल्या नव्वदीच्या आजी म्हणाल्या, जन्मात असं पाहिलं नाही. तेव्हापासून डोक्यात होतं, की जिथं हे दर पिढीला होतं तिथली माणसं काय लक्षात ठेवतात आणि काय विसरतात?

बार्बाडोसला एकच रात्र होती. संध्याकाळच्या आत सेंट जॉनच्या चर्चपर्यंत जाऊन आलो. उंच कड्यावरचं हे दगडी चर्च १८३६चं. त्याआधीचं १८३१च्या ऑगस्टमधल्या वादळानं पाडलं. त्या पडझडीतून फर्डिनांड पॅलिओलोगस नावाच्या माणसाची शवपेटी वर आली. हा गृहस्थ कॉन्स्टँटिनोपलच्या शेवटच्या सम्राटाच्या घराण्यातला म्हणवायचा आणि सतराव्या शतकात इथं येऊन मळा करायचा. वादळ कोणाला वर आणील सांगता येत नाही.

पण १८३१चं वादळ महत्त्वाचं ठरलं ते दुसऱ्याच कारणानं. पडलेल्या इमारती पुन्हा उभ्या करायला विल्यम रीड नावाचा एक ब्रिटिश लष्करी इंजिनियर इथं आला. पडझड बघता बघता तो वादळांच्याच अभ्यासाला लागला. त्यानं जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या, नकाशावर बाण काढले आणि वादळ गोल फिरत पुढं सरकतं हे दाखवून दिलं. त्याचं लिखाण वाचून कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा माणूस बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या मागे लागला. १८४८ साली त्यानं या फिरत्या वाऱ्यांना नाव दिलं 'सायक्लोन'. ग्रीक शब्दावरून घेतलेलं, सापाच्या वेटोळ्यासारखं. म्हणजे आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्याच्या बारशाची पहिली घुगरी या बेटावर शिजली. हरिकेन हा शब्द तर इथल्याच बेटांवरच्या टाइनो लोकांचा, 'हुराकान'.

त्याहून जुनं आणि भयंकर वादळ १७८०च्या ऑक्टोबरमधलं. बार्बाडोस, सेंट लुसिया, मार्टिनिक, सेंट युस्टेशियस मिळून सुमारे २२,००० माणसं गेली. अटलांटिकच्या नोंदीत एवढे बळी दुसऱ्या कुठल्याही वादळानं घेतलेले नाहीत. झाडांच्या साली सोलून निघाल्या होत्या म्हणे. नंतर ॲडमिरल रॉडनी बार्बाडोसला आला, तर पडलेल्या इमारतींचे पाये बघून त्याला वाटलं की बरोबर भूकंपही झाला असणार. वाऱ्यानं एवढं होतं हे दर्यावर्दी माणसालाही पटेना.

दुसरा दिवस : सेंट जॉर्जेस, ग्रेनेडा

सकाळच्या छोट्या विमानानं ग्रेनेडा. विमानात आम्ही चढलो, भाचीची बॅग चढली नाही. ती दुसऱ्या दिवशी आली.

सेंट जॉर्जेस बंदर घोड्याच्या नालेसारखं, चढावर लाल कौलांची घरं. लांबून बघताना क्षणभर हर्णै आठवलं. आमचा टॅक्सीवाला साठीचा, बोलका. त्यानं बोटानं एकेक दाखवायला सुरुवात केली. यॉर्क हाउसमध्ये संसद भरायची, तिचं छप्पर २००४च्या आयव्हन वादळानं नेलं आणि संसदेला स्वतःची नवी इमारत मिळायला २०१८ उजाडलं. अँग्लिकन चर्च कितीतरी वर्षं बिनछपराचं. स्कॉटिश चर्चचा घड्याळाचा मनोरा तेवढा उभा राहिला. वरच्या टेकडीवरचा तुरुंग फुटला आणि कैदी बाहेर आले. "त्यातले बरेचसे आधी घरी गेले," तो म्हणाला, "आई-बायका जिवंत आहेत का बघायला."

हे ७ सप्टेंबर २००४चं. आयव्हन वादळात ग्रेनेडात ३९ माणसं गेली आणि दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं. देशाचं दोन वर्षांचं उत्पन्न एका दुपारी वाहून गेलं.

"तयारी नव्हती का?" मी विचारलं.

तो हसला. "आम्ही म्हणायचो, देव ग्रेनेडाचा आहे. वादळं वरून जातात, आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत."

याला भूगोलाचा आधार होता. ग्रेनेडा विषुववृत्ताच्या बरंच जवळ, बारा अंशांवर. वादळाला फिरायला पृथ्वीच्या गिरकीची मदत लागते आणि ती विषुववृत्ताकडे कमी होत जाते, म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेली बहुतेक वादळं इथून उत्तरेला सरकतात. विमा कंपन्यांनीही नकाशावर रेघ मारून ठेवली होती. वादळाच्या महिन्यांत शिडाच्या बोटी या रेघेखाली आणल्या की विमा चालू. आयव्हनच्या वेळी अशा कितीतरी बोटी सुरक्षित म्हणून इथं आणून ठेवलेल्या होत्या.

पण जेनेट? २२ सप्टेंबर १९५५ला जेनेट वादळानं हेच बंदर फोडलं होतं, शंभरावर माणसं मेली होती. टॅक्सीवाला म्हणाला, "जेनेट आजीची गोष्ट. आजी सांगायची, आम्ही झोपी जायचो." जेनेट आणि आयव्हन यांच्यामध्ये ४९ वर्षं गेली. आजी गेली, तिच्याबरोबर भीतीही गेली.

तिसरा दिवस : गुयाव

हा दिवस माझा होता. गुयाव हे पश्चिम किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव आणि तिथं जायफळाचं केंद्र. ग्रेनेडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. आपल्याकडे श्रीखंडात किसून घालायची वस्तू यांच्या झेंड्यावर आहे हे मला फार आवडलं.

केंद्राची इमारत जुनी, तीन मजली, लाकडी जिन्यांची, समुद्राला अगदी टेकून. आत शिरलो आणि वासानंच पाय थांबले. आमच्या माळ्यावरचा वास. शेतकरी आणून टाकतात ते जायफळ वरच्या मजल्यांवर लाकडी फळ्यांवर कवचासकट काही आठवडे वाळतं. मग कवच फोडायचं आणि गर पाण्यात टाकायचा. बुडेल ते चांगलं, तरंगेल ते पोकळ किंवा किडकं, ते तेल काढायला जातं. बाकड्यांवर बायका बसून हातानं निवडत होत्या, बोटं इतकी चपळ की आमची पणजी सुपारी निवडायची ते आठवलं. निवडलेलं गोणपाटात जातं आणि गोणीवर काळ्या रंगानं मालाची जात आणि जायचं ठिकाण छापतात. जायपत्रीचा भाग वेगळा, लाल केशरी ढिगारे.

माहिती सांगणाऱ्या बाईंना मी जायफळवाला आहे हे कळल्यावर त्यांनी ठरावीक भाषण सोडून दिलं. त्यांचा पहिला प्रश्न : "तुमच्याकडे नर-मादी कसं ओळखता?" दुसऱ्या गावच्या जायफळवाल्याला प्रत्येक जायफळवाला हाच प्रश्न विचारतो. बी लावून रोप केलं तर ते नर आहे की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि फुलं यायला सहा-सात वर्षं जातात. नर निघालं तर दहा-पंधरा मादींत एखादं ठेवायचं, बाकी तोडायचे. मी सांगितलं, आम्ही मादीच्या फांदीची कलमं बांधतो. त्या म्हणाल्या, इथंही प्रयत्न झाले, पण बहुतेकांची झाडं आजोबांनी बिया टाकलेली.

मग आयव्हनकडे गाडी वळली. या बेटावर जायफळ रुजलं १८४३च्या सुमारास. आयव्हनच्या आधी जगातलं साधारण पाचवा हिस्सा जायफळ इथून जायचं, इंडोनेशियाच्या खालोखाल. जायफळाचं मूळ उथळ, झाड डेरेदार. वारा डेऱ्यात भरला की सगळं झाड छत्रीसारखं उलटतं. एका दिवसात बेटावरची बहुतेक झाडं आडवी झाली. पुढच्या वर्षी जुलैत एमिली वादळ आलं आणि उरलेल्यातलंही गेलं.

"मग परत लावली?"

"काहींनी. नवीन झाड भरपूर द्यायला लागेपर्यंत पंधरा-वीस वर्षं. साठीच्या माणसानं कोणासाठी लावायचं? खूप जणांनी कोको लावला. तीन-चार वर्षांत शेंग येते."

मी गप्प राहिलो, कारण निसर्गनंतर मीही तेच केलं. चौदातली पाच परत लावली, बाकी जागेत केळी आणि मिरी. मोबदला मिळाला तो पडलेल्या झाडांचा, त्या झाडांनी पुढची चाळीस वर्षं जे दिलं असतं त्याचा नव्हे. पंचनाम्याच्या कागदात तसा रकानाच नसतो. त्या बाईंनी विचारलं, "किती वर्षांची होती?" पाच वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. सगळे विचारतात किती झाडं. मी म्हटलं, "वडिलांनी लावलेली, ४५ वर्षांची." त्यांनी नुसती मान हलवली आणि एक मूठ जायफळं कागदात बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

दुपारी एका खानावळीत 'ऑइल डाउन', ग्रेनेडाचं राष्ट्रीय जेवण. भाची म्हणाली तिखट नाही, मामा, सांभाळून घे. थाळी आली तर काय? नीरफणसाचे मोठे तुकडे, अळूची पानं, हळद, सगळं नारळाच्या दुधात शिजून दूध आटेपर्यंत ठेवलेलं. त्यात खारवलेलं मांस होतं ते मी बाजूला केलं. बाकी आमच्याच घरचं.

नीरफणस इथं पोचला तोही वादळांच्या वाटेनं. १७८०च्या दशकात जमैकावर एकामागून एक वादळं आली. त्याच काळात अमेरिकेतल्या युद्धामुळं धान्याची जहाजं बंद, आणि उसाच्या मळ्यांवरची गुलाम माणसं हजारोंनी भुकेनं मेली. मळेवाल्यांना स्वस्त पोटभरीचं काहीतरी हवं होतं. म्हणून कॅप्टन ब्लायला ताहितीला पाठवलं. पहिल्या खेपेला त्याच्या खलाशांनीच बंड करून त्याला होडीत सोडून दिलं, दुसऱ्या खेपेला १७९३मध्ये त्यानं रोपं आणून पोचवली. ज्यांच्यासाठी आणली त्यांनी म्हणे बराच काळ ती खाल्ली नाहीत.

चौथा दिवस : कॅरियाकू

सकाळी नऊची बोट. ग्रेनेडाच्या उत्तर टोकापलीकडे समुद्र एकदम खवळला, बोटीतल्या निम्म्या लोकांनी पिशव्या हातात घेतल्या. खाली 'किक एम जेनी' नावाचा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे, बोटी त्याला वळसा घालून जातात. नावातच लाथ आहे. भाची पिवळी पडली. मला काही झालं नाही हे मी सांगायला नको, पण सांगतो.

कॅरियाकू म्हणजे ३४ चौरस किलोमीटरचा ठिपका. १ जुलै २०२४ला सकाळी अकराच्या सुमारास बेरिल वादळाचा डोळा या ठिपक्यावरून गेला, वारे ताशी २४० किलोमीटर. जुलैची पहिली तारीख म्हणजे इथल्या हिशेबानं पेरणीआधीचा पाऊस. जूनमध्ये घाई, जुलैत सावध, सप्टेंबर लक्षात ठेव, अशा अर्थाची एक म्हण या बेटांवर पोरांना शिकवतात. बेरिलनं म्हण खोटी पाडली. त्याच रात्री ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीला पोचलं. इतक्या लवकर त्या श्रेणीला गेलेलं अटलांटिकमधलं ते नोंदीतलं पहिलं वादळ.

सात महिने होऊन गेलेत. हिल्सबरोत उतरल्यावर आधी दिसतात त्या निळ्या ताडपत्र्या. निसर्गनंतर आमच्याकडेही हाच निळा रंग होता, ताडपत्रीचा भाव तिप्पट झाला होता. इथं मात्र ताडपत्रीखाली आणखी एक गोष्ट गेलेली होती. बेटावर नदी नाही. पावसाचं छपरावर पडणारं पाणी पन्हळीतून टाकीत उतरवायचं आणि वर्षभर तेच प्यायचं. छप्पर गेलं म्हणजे विहीर गेली. आम्ही उतरलो त्या घरच्या मालकीणबाई म्हणाल्या, "पाऊस पडत होता आणि प्यायला थेंब नव्हता. टाकीत समुद्र आणि पालापाचोळा."

टिरेल बेला तिवरांचं दाट बन आहे. वादळ येतंय कळलं की कोळी आपल्या होड्या त्या बनात आत आत नेऊन मुळांना बांधतात, पिढ्यान् पिढ्या. बेरिलच्या वेळीही नेल्या. या वेळी बनच सोललं गेलं. एकमेकींवर चढलेल्या बोटी अजून दिसतात, आणि राखाडी काटक्यांना खालून हिरवी पालवी फुटतेय. विंडवर्ड गावात लाकडी होड्या बांधणारे आहेत, पूर्वज स्कॉटलंडहून आलेले. तिथं एक सांगाडा अर्धा बांधलेला दिसला. छपराविना घर आणि अंगणात नवी होडी. भाचीनं विचारलं, घर आधी का नाही? म्हातारा म्हणाला, "होडीनं पैसे येतील. घरानं येतात का?"

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराचा कारभार बघणारे सायमन स्टील याच बेटाचे. बेरिलनंतर शेजाऱ्याच्या पडलेल्या घरात उभं राहून ते जगाशी बोलले, त्यांच्या आजीचं घरही पडलं होतं. मालकीणबाईंना त्याचं कौतुक होतं, पण थोडंच. "बोलतो चांगलं," एवढंच म्हणाल्या.

पाचवा दिवस

परतीची बोट, कपडे धुणे, रोटी. १८५७ साली 'मेडस्टन' जहाजानं पहिले भारतीय मजूर ग्रेनेडात आणले. त्यांची आठवण आता मुख्यतः रोटीच्या दुकानात उरलीय. बटाटा-हरभऱ्याची रोटी चांगली होती. मीठ कमी.

सहावा दिवस : डॉमिनिकाकडे

डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. हे आम्हाला तिकीट काढतानाच तीनदा सांगावं लागलं. हे ७५० चौरस किलोमीटरचं, जेमतेम ७० हजार वस्तीचं वेगळं राष्ट्र. इथल्या कालिनागो लोकांच्या भाषेत बेटाचं नाव 'वाइतुकुबुली', उंच आहे तिचा देह. विमान ईशान्येला उतरलं, राजधानी रोजो नैर्ऋत्येला. मधला दीड तास घाट. वरंधा आणि आंबोली जोडून मध्ये समुद्र सोडला तर जसं होईल तसं. वळणावळणाला धबधबे, रस्त्यावर ओहोळ.

इथला सगळ्यात उंच डोंगर १,४४७ मीटरचा. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला थटते, वर चढते, गार होते आणि पाणी टाकते. सह्याद्रीच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. बेटावर ३६५ नद्या आहेत, रोज एक, असं इथले लोक सांगतात. मोजल्या कोणी माहीत नाही. पण वादळात या नद्याच मारतात.

सातवा दिवस : रोजो

बोटॅनिकल गार्डनमध्ये एक पिवळी शाळेची बस आहे. तिच्या अंगावर गोरखचिंचेचं, म्हणजे बाओबाबचं, प्रचंड झाड आडवं पडलंय. २९ ऑगस्ट १९७९ला डेव्हिड वादळानं ते पाडलं. बसमध्ये कोणी नव्हतं. बस तशीच ठेवलीय, आणि झाड मेलं नाही. आडव्या खोडाला नव्या फांद्या फुटल्या. बस भाकरीसारखी चपटी. तिच्या पत्र्याच्या पापुद्र्यांतून वेल गेलेत.

डॉमिनिका स्वतंत्र झाली ३ नोव्हेंबर १९७८ला. डेव्हिड आलं तेव्हा देशाचं वय दहा महिने. त्यातही काही तास आधीपर्यंत सगळ्यांचा समज होता, की वादळ बार्बाडोसवर जाणार. ते वर वळलं आणि इथं कोणी खिडकीला फळीसुद्धा ठोकलेली नव्हती. पन्नासच्या आसपास माणसं गेली, दर चौघांतले तिघे बेघर झाले, केळी साफ. बाहेरच्या जगाशी बोलायला हौशी रेडिओवाल्याचा संच तेवढा उरला, आणि पहिली मदत आली ती 'फाइफ' नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेची. स्वातंत्र्याला वर्ष व्हायच्या आत जुन्या मालकाचं जहाज परत दारात! पुढच्या वर्षी निवडणुकीत युजीनिया चार्ल्स पंतप्रधान झाल्या, कॅरिबियनमधल्या पहिल्या बाई. आणि त्याच ऑगस्टात ॲलन वादळ आलं.

१९७९ हेच अटलांटिकच्या वादळांना पुरुषांची नावंही द्यायचं पहिलं वर्ष. तोपर्यंत सगळ्या बायाच. फार नुकसान केलेल्या वादळाचं नाव यादीतून कायमचं काढून टाकतात. डेव्हिड, आयव्हन, बेरिल, मारिया पुन्हा येणार नाहीत. पण इथल्या लोकांनी नावं सोडलेली नाहीत. मार्केटात मसाले विकणाऱ्या बाईंनी मुलीचं वय सांगताना म्हटलं, "डेव्हिडच्या पोटातली." म्हणजे वादळाच्या वेळी गरोदर होत्या. आमची आजी प्लेगच्या सालाचं असंच सांगायची.

संध्याकाळी राहत्या घरच्या मालकांनी छप्पर दाखवलं. मारियाची रात्र १८ सप्टेंबर २०१७. जेमतेम दीड दिवसात साध्या वादळाचं पाचव्या श्रेणीचं झालं आणि सव्वानऊला ताशी सुमारे २६५ किलोमीटरच्या वाऱ्यानं किनाऱ्याला लागलं. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांनी त्याच वेळी फेसबुकवर लिहिलं, की माझं छप्पर गेलं, मी पूर्णपणे वादळाच्या दयेवर आहे, घरात पाणी भरतंय. देशाच्या प्रमुखाची ही गत, मग बाकीच्यांचं काय? दहातली नऊ छपरं मोडली. मेलेले आणि बेपत्ता धरून ६५ माणसं गेली. नुकसान देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सव्वादोनपट. सकाळी लोक बाहेर आले तर बेट तपकिरी. एकाही झाडावर पान नव्हतं. मालक म्हणाले, "समोरच्या डोंगरावर घरं आहेत हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. झाडांआड होती."

त्यांचं नवं छप्पर चौपाखी. दोनपाखी छपराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा थेट आपटतो, चौपाखीवर चारही बाजूंनी घसरतो. वासे भिंतीला पोलादी पट्ट्यांनी आवळलेले, पत्रा खिळ्यांनी नव्हे तर स्क्रूनं बसवलेला, पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं, म्हणजे पडवी गेली तरी घर राहील. मी वाकून वाकून बघत होतो. आमचं जुनं घर चौपाखी होतं. १९९८ला मीच ते पाडून स्लॅबपुढं पत्र्याची दोनपाखी शेड काढली. निसर्गात ती शेड शेजारच्या विहिरीवर सापडली.

आठवा दिवस : पेटिट सव्हान

मारियाचं नाव सगळे घेतात. पेटिट सव्हानला ज्यानं संपवलं ते हरिकेनसुद्धा नव्हतं.

२७ ऑगस्ट २०१५. एरिका नावाचं साधं उष्णकटिबंधीय वादळ, वारा फार नाही. शाळा-कचेऱ्यांना सुट्टी द्यावी असंही कोणाला वाटलं नसावं. पण ढग डोंगराला अडकले आणि कॅनफिल्डच्या विमानतळावर ३२० मिलिमीटर पाऊस मोजला गेला, बराचसा काही तासांत. तीस माणसं गेली, रस्ते-पूल तुटले, वर्षाच्या उत्पन्नाच्या ९० टक्के नुकसान. सगळ्यात मोठा घाव आग्नेय टोकाच्या पेटिट सव्हानवर. डोंगर वरून सुटला आणि घरांवरून समुद्राकडे गेला. वाचलेल्यांना सरकारनं बोटीनं आणि हेलिकॉप्टरनं काढलं, आणि गाव राहण्यास अयोग्य म्हणून कायमचं रिकामं केलं.

वाटेत बेलव्ह्यू शोपँला त्यांची नवी वसाहत लागली. काँक्रीटचे स्वच्छ मजले, रंगवलेले, रस्ता चांगला. मग ग्रँड बे, आणि पुढे वळणं. गावात उतरलो तेव्हा भाची बोलायची थांबली. पायऱ्या आहेत, घर नाही. न्हाणीघराची फरशी, तिच्यातून उगवलेला पपई. दारासमोरची जास्वंद मात्र फुललेली. हे गाव बे तेलासाठी नावाजलेलं होतं. डोंगरउतारावर बेची झाडं, पानं भट्टीत उकळून तेल काढायचं. लवंगेच्या जवळचा वास. काही जण अजून वसाहतीतून इथं येतात, पानं तोडतात. एक जण भेटला, डोक्यावर भारा. "घर तिकडे दिलं," तो म्हणाला, "बे तिकडे नाही."

मला महाडजवळचं तळीये आठवलं. २२ जुलै २०२१. तिथंही वारा नव्हता. तिथंही वरून डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आम्ही श्रीवर्धनकर त्या दिवशी खिडकीत बसून म्हणत होतो, वादळ नाही ना, मग ठीक. वाऱ्याची श्रेणी सांगतात, पाण्याची सांगत नाहीत.

परतताना भाचीनं गाडीत विचारलं, "मामा, आपल्या घराच्या मागे डोंगर किती लांब आहे?" मी म्हटलं, बघून सांगतो.

नववा दिवस : कालिनागो प्रदेश

विमान दुपारी होतं, म्हणून पूर्व किनाऱ्यानं विमानतळाकडे निघालो. १९०३पासून हा ३,७०० एकरांचा पट्टा कालिनागो लोकांचा. कोलंबसच्या आधी या बेटांवर होते ते हे लोक. २०२३मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिल्व्हनी बर्टन यांच्यातल्याच. सिनेकूला लाव्हाच्या खडकाचा एक पट्टा जिन्यासारखा समुद्रात उतरतो. त्यांच्या गोष्टीत तो समुद्रातून वर आलेला प्रचंड साप. पिडिंग्टनचं वेटोळं मला तिथं आठवलं, भाचीला सांगितलं, तिनं फोटो काढायचं सोडून ऐकलं नाही.

रस्त्याकडेच्या झोपडीत कसाव्याची भाकरी भाजत होते. कसावा म्हणजे आपण साबुदाणा करतो तो कंद. किसायचा, पिळून पाणी काढायचं (कडू जातीच्या पाण्यात विष असतं), चाळायचा आणि भल्या मोठ्या लोखंडी तव्यावर थापायचा. नारळ घातलेली गरम भाकरी, वर काही नाही. दोन खाल्ल्या, दोन बांधून घेतल्या.

भाजणाऱ्या बाई माझ्याएवढ्याच असतील. मारियात घर गेलं, म्हणाल्या. केळी, नीरफणस, माड, सगळं आडवं. "हा वाचला," त्यांनी पिठाच्या हातानं तव्याकडे बोट केलं. "वर पान-काठी काही राहिलं नाही, पण खाली होता. रस्ता उघडेपर्यंत हाच खाल्ला. कसावा, रताळं, याम."

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे वादळ येतं, तर तुम्ही जमिनीखाली काय लावता?

आमची वाडी डोळ्यांसमोर आणली. सुपारी वर, नारळ वर, जायफळ वर, मिरी त्यांच्या अंगावर, केळी वर. बराच वेळ गेला. मग आठवलं तसं म्हणालो : सुरण. करांदे. कणगरं. विहिरीच्या कडेनं आजी लावायची, पावसाळ्यात वेल कुंपणावर चढायचे आणि थंडीत खणून राखेत भाजायचे.

"कणगर म्हणजे?" भाचीनं विचारलं. तिला इंग्रजीत सांगायचं होतं.

मला इंग्रजी शब्द येईना. मी हातानं आकार दाखवला, मुठीएवढा, वर बारीक मुळांचे केस. बाई आत गेल्या आणि टोपलीतून तसाच एक कंद घेऊन आल्या. केसाळ, मातीनं माखलेला.

"हाच?" त्यांनी विचारलं. "कोणत्या महिन्यात लावता?"